टीममध्ये नवा फॉरवर्ड आला की आधी वही काढा

२०२५ चा १ सप्टेंबर, गौरीपूजनाचा दिवस. पुरणपोळीचं जेवण उरकून पाहुणे पांगले होते आणि मी नि माझा भाचा मोबाईलला डोळे लावून बसलो होतो. इंग्लंडात संध्याकाळचे सात वाजले की प्रीमियर लीग फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (क्लबांनी गडी विकत घ्यायची मुदत) बंद, म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा. तिकडचे लोक याला समर म्हणतात, आपल्याकडं हा बाजार मृगापासून गणपतीपर्यंत चालतो. त्या रात्री आमच्या लिव्हरपूलनं न्यूकॅसलचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक साडेबारा कोटी पौंडांना घेतला. भाचा ओरडला, "मामा, संपला की विषय! लीग आपलीच." मी पण उठलो, वही काढली आणि इसाकच्या नावापुढं दहापैकी नऊ मार्क टाकले.

ते नऊ नंतर मला खोडावे लागले. खोडताना इसाकचा राग आला नाही, स्वतःचा आला. इतकी वर्षं मीच पोरांना सांगत आलोय की नावापुढं मार्क लिहायचे नाहीत, जागा लिहायची. आणि गौरीच्या रात्री मीच घसरलो.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. बेअरिंग कितीही भारी कंपनीचं आणा, बोअर, म्हणजे ते बसायचं भोक, दोन थाउ (हजारांश इंच) जरी मोठा पडला असला तरी ते वाजणारच. गिऱ्हाईक बेअरिंगला शिव्या घालतं. आम्ही आधी बोअर मोजतो. फुटबॉलमधल्या खरेदीचं मला एवढंच कळतं, आणि त्यासाठी मी वही कशी वापरतो ते सांगतो. शंभर पानी साधी वही चालते. रेघांची नको, चौकटींची घ्या, मैदान काढायला सोपं जातं.

पहिलं पान विंडो उघडायच्या आधी भरायचं. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कुणाचं नावच चर्चेत नसतं तेव्हा. आपल्या संघात भोक कुठं आहे ते एका वाक्यात लिहा. "चांगला स्ट्रायकर पाहिजे" हे वाक्य नव्हे, ती हौस झाली. "समोरची टीम दहा जण मागं घेऊन बसली की डाव्या कडेनं कुणी बॉल आत टाकत नाही", हे वाक्य. एकदा जून उजाडला आणि रोज नवीन नाव कानावर पडायला लागलं की भोक दिसेनासं होतं. मग आपण आधी माणूस पसंत करतो आणि त्याच्या मापाचं भोक शोधत बसतो.

२०१७ साली लिव्हरपूलनं हल सिटीचा अँडी रॉबर्टसन ८० लाख पौंडांच्या आसपास घेतला. हल तेव्हा नुकतीच खालच्या डिव्हिजनला गेलेली. आमच्या कट्ट्यावर कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नाही, सगळे मोहम्मद सालाहवर भांडत होते. "चेल्सीनं टाकलेला माल" असं एकजण म्हणाला होता, तो आता सालाहचा शर्ट घालून फिरतो. पण त्या वर्षीच्या माझ्या पहिल्या पानावर डाव्या बॅकचंच भोक लिहिलेलं होतं. म्हणून मी रॉबर्टसनवर नजर ठेवून होतो. डिसेंबरपर्यंत तो बहुतेक बाकावरच दिसला. मग अल्बेर्तो मोरेनो जखमी झाला, रॉबर्टसनला जागा मिळाली आणि ती त्यानं परत दिली नाही.

आता गडी बघायचा कसा? भाचा मला दीड-दोन मिनिटांच्या क्लिपा पाठवतो. त्यात पोरगा तिघांना चकवतो, वरून ढणढण म्युझिक. अशी क्लिप कुणाचीही करता येते. शाहू स्टेडियमवर मी स्वतः सी डिव्हिजनला लेफ्ट बॅक खेळलोय. चार वर्षांतले माझे बरे पास एकत्र केले तर पंचेचाळीस सेकंदांची क्लिप निघेल आणि बघणारा म्हणेल, याला कुणी घेतला कसा नाही! तेव्हा क्लिप बघू नका. त्याच्या जुन्या टीमची एक पूर्ण मॅच बघा, आणि शक्यतो हरलेली. जिंकणाऱ्या टीममध्ये फॉरवर्डला बॉल आयता मिळतो. हरणाऱ्या टीममध्ये तो काय करतो, मागं येतो का, हात वर करून उभा राहतो का, नुसता रेफरीशी वाद घालतो का, ते कळतं.

पूर्ण नव्वद मिनिटं बघायला वेळ नसेल तर पहिली वीस नि शेवटची दहा बघा. पण त्या तीस मिनिटांत बॉलकडं बघायचं नाही, फक्त त्या एका गड्याकडं. टीव्हीवर हे अवघड जातं कारण कॅमेरा बॉलमागं धावतो. त्याला एक युक्ती आहे. गोलकीक, थ्रो-इन आणि कॉर्नर परतवल्यानंतरचे क्षण धरून ठेवा. गोलकीकला कॅमेरा लांबून दाखवतो, सगळे गडी चित्रात असतात. तेव्हा पॉझ करा आणि वहीतल्या मैदानावर त्याच्या जागी फुली मारा. एका मॅचमध्ये दहा-बारा फुल्या सहज होतात. त्या फुल्या कुठं दाटल्या त्यावरून तो गडी मनानं कुठला आहे ते कळतं. कागदावर स्ट्रायकर लिहिलेला असतो आणि फुल्या सगळ्या डाव्या कडेला पडतात, असं बऱ्याचदा होतं.

हे शिकायला खरी जागा म्हणजे मैदान. शाहू स्टेडियमवर वरच्या पायऱ्यांवर बसा. खाली रेषेजवळ ईर्षा जास्त, शिव्या जास्त, दिसतं कमी. आमच्याकडं फुटबॉलच्या टीम पेठांतल्या तालमींच्या असतात, आणि हंगामाआधी नोंदणी सुरू झाली की गडी या तालमीतून त्या तालमीत जातात, काही बाहेरगावचे येतात, कधी परदेशी पण. एका तालमीनं (नाव घेत नाही, मला त्याच पेठेतून रोज जावं लागतं) बाहेरून एक फॉरवर्ड आणला होता. पायात बॉल द्या, नाचवायचा. पण त्या टीमचे बॅक पिढ्यान्‌पिढ्या बॉल उंच उचलून पुढं मारणारे. त्या पोराच्या डोक्यावरून सगळा हंगाम बॉल गेला. मार्चपर्यंत पब्लिकनं त्याला "एसटीची वाट बघणारा" म्हणायला सुरुवात केली होती. बिचारा तोवर ती एसटी पकडायच्याच विचारात असावा.

आकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण आता सगळ्यांच्या मोबाईलवर आकडे असतात आणि त्यांनीच जास्त भांडणं लागतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध चेल्सीच्या रोमेलू लुकाकूनं पूर्ण नव्वद मिनिटं खेळून बॉलला फक्त ७ वेळा पाय लावला, त्यातला एक किक-ऑफचा. जगानं त्याची टिंगल केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालांडनं बोर्नमथविरुद्ध ७४ मिनिटांत ८ वेळा बॉलला पाय लावला. ती मॅच सिटीनं ४-० मारली, एका गोलचा पास हालांडचा. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगमध्ये ३६ गोल होते, प्रीमियर लीगच्या एका हंगामातला विक्रम. आकडा जवळजवळ तोच, अर्थ उलटा. हालांडला तसंच खेळायला सांगितलं होतं. दोन सेंटर बॅकांच्या (बचावात मधोमध खेळणाऱ्यांच्या) मध्ये थांब, त्यांना खाली खिळवून ठेव, बॉल आणायचं काम बाकीचे करतील. आणि बाकीच्यांत केव्हिन डी ब्रॉयना होता, त्यानं त्या हंगामात लीगमध्ये १६ असिस्ट (गोलचे पास) केले. लुकाकूसाठी तसं कुणी ठरवून ठेवलेलं दिसत नव्हतं. सौदा त्याचा साडेनऊ कोटी पौंडांच्या वरचा, पण टीम आधीचीच चाल खेळत राहिली.

त्यामुळं मी तीनच आकडे लिहितो. एक, पेनल्टी वजा करून गोल किती. शंभर पेनल्टींतल्या पंच्याहत्तर-ऐंशी आत जातातच, त्याचं कौतुक वेगळं ठेवा. दोन, गोल कुठून मारले, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या आतून की बाहेरून. बाहेरून तोफा डागणारा एक हंगाम चमकतो, पुढच्या वर्षी त्याच तोफा स्टँडमध्ये जातात. तीन, गोलचा पास कुणी दिला. हा तिसरा आकडा कुणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

हुकलेल्या संधींना मी घाबरत नाही, हे पण सांगून ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये चेल्सीविरुद्ध लिव्हरपूलच्या डार्विन नुनियेझनं एकाच मॅचमध्ये चार वेळा गोलपोस्टला बॉल मारला, त्यात एक पेनल्टी. आमच्या घरात त्या रात्री उशी फेकली गेली, कुणी ते विचारू नका. पण चार वेळा पोस्टला मारायला चार वेळा तिथं पोचावं लागतं. त्याच हंगामात मोठ्या संधी सगळ्यात जास्त हुकवणारा होता हालांड, आणि सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूटही त्यालाच मिळाला. जो पोचतच नाही, त्याची काळजी करा. नुनियेझचं पुढं काही जमलं नाही हे खरंय, त्याचं कारण मात्र पोस्ट नव्हे. तो उधळलेल्या खोंडासारखा मोकळ्या रानात पळणारा, आणि लिव्हरपूलसमोर आठवड्याआड दहा जण दार लावून बसायचे. रानच नाही तर खोंड पळणार कुठं?

आता वहीचं मुख्य पान, आक्रमणाचं.

मैदान उभं धरा आणि ऊस लावताना सऱ्या सोडतो तशा पाच उभ्या सऱ्या पाडा. दोन कडेच्या, एक मधली, आणि कड नि मध यांच्यातल्या दोन. या आतल्या दोन सऱ्या म्हणजे सगळ्यात कसदार जमीन, कारण तिथं उभ्या गड्याला बॅकनं धरायचं की सेंटर बॅकनं, यावर बचाववाल्यांत गोंधळ होतो. आपली टीम बॉल घेऊन पुढं गेली की पॉझ करा आणि प्रत्येक सरीत कोण उभं आहे ते लिहा. साधा नियम असा की प्रत्येक सरीत एक गडी. एका सरीत दोघं आले तर एकाला धरणारा गडी दोघांना धरतो. सरी रिकामी राहिली तर तिथला बचाववाला चहा पिऊन येतो.

हे नीट बघायचं असेल तर २०१७ ते २०२० चं लिव्हरपूल बघा, जुन्या मॅच अजून सापडतात. मध्ये रॉबेर्तो फिरमिनो, उजवीकडं सालाह, डावीकडं सादिओ माने. कागदावर फिरमिनो स्ट्रायकर, पण तो मधली सरी सोडून खाली यायचा. समोरच्या सेंटर बॅकला प्रश्न पडायचा. याच्या मागं जाऊ की थांबू? मागं गेला तर पाठीमागं मोकळं रान, तिथं सालाह नि माने आतल्या सऱ्यांतून घुसायचे. थांबला तर फिरमिनो आरामात वळून पास द्यायचा. मग कडेच्या सऱ्या कुणाच्या? उजवी ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डची, डावी त्याच आठ मिलियनवाल्या रॉबर्टसनची. २०१८-१९ मध्ये दोघा बॅकांचे मिळून लीगमध्ये २३ असिस्ट होते, ट्रेंटचे १२ नि रॉबर्टसनचे ११. सालाहनं पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल मारले, त्यातले किती फिरमिनोनं सोडलेल्या जागेतून आले ते मोजायला बसा, एक रविवार जाईल.

गंमत म्हणजे फिरमिनोला २०१५ च्या समरमध्ये घेतला तेव्हा आधी त्याला कडेला खेळवला. तो कुठंच लागेना. मग नवा कोच युर्गन क्लॉप आला, त्यानं नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीच्या मैदानावर त्याला मध्ये घातला, लिव्हरपूल ४-१ जिंकलं आणि फिरमिनोचा पहिला गोल त्याच मॅचमध्ये आला. गडी तोच होता, त्याला योग्य सरी मिळाली.

सऱ्या लिहून झाल्या की त्याच पॉझमध्ये एक गोष्ट आणखी मोजा. बॉल गेला तर मागं किती जण आहेत? पाच पुढं असतील तर मागं पाच हवेत, बहुतेक तीन बॅक आणि त्यांच्यापुढं दोन हाफ (मधल्या फळीतले). २०२३ मध्ये सिटीनं जॉन स्टोन्सला बॅकच्या ओळीतून उचलून हाफच्या ओळीत आणला तो याचसाठी. नवा फॉरवर्ड येतो तेव्हा याच्यावर कुणी बोलत नाही. पण पुढं एक शोभेचा वाढवला की मागचा एक कष्टाचा कमी झाला का, ते बघाच.

आता माझं २०२५ चं पान, नऊ खोडलेलं.

आदल्या हंगामात लिव्हरपूल चॅम्पियन, सालाहचे लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट. मग समरमध्ये ४० कोटी पौंडांच्या वर खर्च: फ्लोरियन विर्ट्झ, ह्युगो एकिटिके, मिलोश केर्केझ, जेरेमी फ्रिम्पाँग, आणि शेवटी इसाक. गेले ते ट्रेंट रेआल माद्रिदला, लुईस डियाझ बायर्नला, नुनियेझ सौदीला. आणि जुलैत लिव्हरपूलचाच फॉरवर्ड दियोगो जोटा अपघातात गेला. त्यावर मी काही लिहीत नाही, तो तोटा वहीत बसत नाही.

आलेल्यांची पानं मी मन लावून भरली, गेलेल्यांची भरलीच नाहीत. ही पहिली चूक. ट्रेंट गेला म्हणजे सालाहला मागून येणारा तो लांब, बरोबर पायावर पडणारा पास गेला. फ्रिम्पाँग चांगला पळतो, पण पळणारा वेगळा नि पास टाकणारा वेगळा. डाव्या बाजूला कोडी गाक्पो कडेला थांबून आत वळणारा आणि डावा बॅक केर्केझ कडेनंच धावणारा. सुरुवातीच्या मॅचमध्ये दोघं एकाच सरीत किती वेळा आले ते मी मोजत होतो, नंतर नाद सोडला. विर्ट्झला आतली डावी सरी आवडते, आणि गाक्पो वळून तिथंच येतो. म्हणजे त्या सरीत हळद-कुंकवाला जमल्यासारखी गर्दी आणि उजवीकडं सालाह एकटा.

इसाकची गोष्ट त्याहून सरळ. त्यानं २०२४-२५ मध्ये न्यूकॅसलसाठी लीगमध्ये २३ गोल मारले. मी माझा तिसरा आकडा, पास कुणी दिला, बघितला असता तर नऊ लिहिले नसते. त्या हंगामात न्यूकॅसलच्या जेकब मर्फीचे लीगमध्ये १२ असिस्ट होते. मर्फी म्हणजे उजव्या कडेचा, उजव्या पायाचा साधा विंगर. नटणं-मुरडणं नाही, मान वर केली की बॉल बॉक्समध्ये. इसाकला त्याच्या त्या लवकर येणाऱ्या बॉलची सवय. लिव्हरपूलच्या उजव्या कडेला सालाह, डाव्या पायाचा, तो बॉल घेऊन आत येतो आणि स्वतः मारतो. इसाक घेतला, मर्फी न्यूकॅसललाच राहिला. त्यात सौद्याच्या भांडणात इसाकची अख्खी प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीची तयारी, बुडालेली. तालमीत न जाता थेट आखाड्यात उतरलेला पैलवान. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लिव्हरपूल लीगच्या सातपैकी सहा मॅच हरलं. इसाकचा लीगमधला पहिला गोल ३० नोव्हेंबरला, वेस्ट हॅमविरुद्ध. आणि २० डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध गोल मारतानाच त्याचा पाय मोडला.

पैशाचं एका परिच्छेदात उरकतो. साडेबारा कोटी पौंड म्हणजे चौदाशे कोटी रुपयांच्या वर, आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण क्लब तो एकाच वर्षाच्या हिशेबात धरत नाही, कराराच्या वर्षांवर पसरतो. चेल्सीनं आठ-आठ वर्षांचे करार करून हा आकडा बारीक करायला सुरुवात केली तेव्हा नियम आला की जास्तीत जास्त पाचच वर्षं धरायची. म्हणून इसाकचा करार सहा वर्षांचा असला तरी हिशेबात वर्षाला अडीच कोटी पौंड. वहीत किंमत लिहायची तर ही वार्षिक लिहा, शेजारी पगाराची जागा मोकळी सोडा, कारण पगाराचे छापून येणारे आकडे बहुतेक ऐकीव असतात. आणि किमतीवरून गड्याला शिव्या घालू नका. किंमत त्यानं ठरवलेली नसते.

थांबायचं किती? मी दहा लीग मॅच धरतो, त्यापण सुरुवातीपासून खेळलेल्या. बाकावरून येऊन खेळलेली पंधरा मिनिटं मोजायची नाहीत. फाबिन्यो २०१८ मध्ये लिव्हरपूलला आला तेव्हा पहिले दोन महिने लीगमध्ये त्याला मैदानच दिसलं नाही, पब्लिक म्हणत होतं वाया गेला. त्याच हंगामाच्या शेवटी तो चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकला. दहा मॅच झाल्या की पुन्हा फुल्या मारा, जुन्या टीमच्या पानाशेजारी. दोन्ही पानांवर फुल्या एकाच जागी असतील आणि तरी गोल नसतील, तर बॉल पोचवणाऱ्याचं पान उघडा. फुल्या वेगळ्या जागी असतील, तर कोचला विचारायचा प्रश्न तुमच्याकडं तयार आहे. तो प्रश्न पानाखाली लिहून ठेवा, तारखेसकट.

भाच्यानं पण आता वही केली आहे. त्यानं इसाकच्या पानावर फुल्या मारल्यात आणि शेजारच्या पानावर वर नाव लिहिलंय: जेकब मर्फी. मी म्हटलं, "अरे, तो आपला नव्हे." तर म्हणतो, "ठाऊक आहे मामा. पण तसला कुठं मिळतो का, ते एप्रिलपासनं बघायला लागतो."